न धुवायची जीन्स

आदेशनं ‘नको’ म्हटलेलं गोजरनं ऐकलं होतं. अगदी नीट ऐकलं होतं. पण पाव्हण्याचं पहिलं नको कोणी धरतं का? शेणव्यात तरी नाही धरत. चहा नको म्हणजे अर्धा कप टाका, जेवण नको म्हणजे तांदूळ वैरा, आणि ‘निघतो आता’ म्हणजे माणूस अजून तासभर हलत नाही. पहिल्याच हाकेला ‘हो, आणा’ म्हणणाऱ्याला गाव पुढं वर्षभर हावरट म्हणतं. म्हणून होणारा जावई जेव्हा म्हणाला, “काकू, नको, ही जीन्स धुवायची नसते,” तेव्हा गोजरला तो फारच चांगल्या वळणाचा वाटला.

झालं होतं असं. आदेश मुरबाडच्या कारखान्यात कामाला. सुटला की मोटारसायकलनं भातसानगरला घरी जायचा, आणि शेणवा त्याच्या वाटेवरच. रविवारी साखरपुडा होता, अंगठीसाठी गोजरच्या मुलीच्या, मनस्वीच्या, बोटाचं माप हवं होतं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो थांबला. मनस्वी म्हणाली, “देते नंतर,” आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

“लाजते हो,” गोजर हसून म्हणाली.

मग कुंडलिक, म्हणजे गोजरचा नवरा, जावयाला खळं दाखवायला घेऊन गेला. भात झोडायच्या आधी जमीन चोपून, शेणानं सारवून घ्यायची. कुंडलिकानं ती नुकतीच सारवली होती. आदेश धरणाच्या कॉलनीतला, जन्मापासून फरशीवर चाललेला. बूट घालून तो ओल्या सारवणावर उभा राहिला आणि पुढच्या क्षणी बसला. नुसता बसला नाही, बसून लांबपर्यंत गेला. कुंडलिक हसला, आदेशही हसला, पण उठल्यावर त्यानं आधी कोपर बघितलं नाही की कंबर बघितली नाही, मान वळवून जीन्स बघितली.

गोजरच्या मुलाची, शेखरची, एक ट्रॅक पँट दांडीवर होती. शेखर भिवंडीला गोदामात कामाला, त्याचं अर्धं कपाट इथंच असतं. ती घालून आदेश बाहेर आला.

“दे इकडं, धुवून ठेवते,” गोजरनं हात पुढं केला.

“नको काकू, ही जीन्स धुवायची नसते. घेतल्यापासून पाणी लावलेलं नाय मी.”

“कधीपासून?” कुंडलिकानं विचारलं.

“गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून.”

कुंडलिकानं गोजरकडं बघितलं, गोजरनं कुंडलिकाकडं.

“कोरं कापड असतं काका, ते आपल्याला मुरावं लागतं,” आदेश समजावून सांगायला लागला. “आपल्या गुडघ्याची घडी पडते, पाकिटाची खूण येते, गाडीवर बसून बसून इथं रेघा येतात. रंग तेवढ्याच जागी उडतो. धुतलं की सगळंच जातं. खरंच नको काकू. शेण वाळू दे, उद्या येताना मी झटकून घेऊन जाईन.”

“बरं बाबा, नाय धुवत,” गोजर म्हणाली. असं म्हणायचंच असतं.

पण आदेशची गाडी वळणापलीकडं गेली आणि तिला डोळ्यांपुढं त्याची आई दिसायला लागली. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी बाई, चहा बशीत ओतत नाही, बोलताना ‘अच्छा’ म्हणते. साखरपुड्याच्या तोंडावर मुलाची पँट मुलीच्या घरून शेण लागलेली परत आली, तर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही. ‘अच्छा’ म्हणेल. गोजरला तेच नको होतं. तिनं चुलीवर हंडा ठेवला.

तसाही सुपारी फुटल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. भाकरी थापता थापता उठून ती कोंबड्या मोजून यायची. अंथरुणावर पडली की डब्यात साखर आहे का हे बघावंसं वाटायचं. लग्नघर म्हटलं की असं होणारच, असं ती स्वतःला सांगायची, आणि पुन्हा उठायची.

जीन्स रात्रभर कढत पाण्यात सोड्यात भिजली. सकाळी गोजरनं ती धुण्याच्या दगडावर घेतली. तसं धरण भातसाला, पाणी मुंबईला आणि शेणव्याच्या बायका बोअरिंगच्या दांड्याला, पण त्या दिवशी तिनं पाण्याचा हिशेब बघितला नाही. साबण लावला, ब्रश घेतला, लाकडी धोपटण्यानं धोपटली. पाणी निळं यायला लागलं. वर्षाचा मळ, तिला वाटलं. गुडघ्यामागं चांदणीसारख्या फिकट घड्या होत्या, तिथं तिनं ब्रश जास्त चालवला. मागच्या खिशावर चौकोनी डाग होता, पाकिटाच्या आकाराचा. तो तर तिनं हट्टानं काढला. म्हणजे खिशाचा आजूबाजूचा रंग इतका उतरवला की डाग त्यात मिसळून गेला. मांडीच्या आतल्या बाजूला कापड गाडीवर घासून मुळातच विरलेलं होतं, तिथं ब्रशाचा एक दात आरपार गेला, तेव्हा ती जरा थांबली.

उन्हं वर आली तशी कुंपणावरची जीन्स वाळली. वाळली म्हणजे ताठ झाली, पत्र्यासारखी. आणि काल तिच्या बाजूला टांगलेल्या शेखरच्या दुसऱ्या पँटीपेक्षा ती वीतभर लांब होती, हे गोजरला चांगलं आठवत होतं. आता दोघी बरोबरीनं उभ्या होत्या.

“काय गो वयनी, नीळ सांडलीस का काय?” तिची धाकटी जाऊ नम्रता पलीकडच्या पडवीतून आली. “पार माझ्या दारापर्यंत निळा ओहोळ आलाय.”

गोजरनं सांगितलं. नम्रतानं जीन्स हातात घेतली, कंबर दोन हातांनी ताणून बघितली, आणि पदर तोंडाला लावला. सहानुभूतीसाठी नाही, हसू लपवायला.

“हसू नको गो. संध्याकाळी येईल तो.”

“आटली.”

“ते दिसतंय मला.”

“माझ्या धसईच्या भावाची अशीच आटलेली. तवा दुकानवाल्यानं सांगितलं, परत ओली करायची नि अंगात घालून फिरायचं. बसायचं, उठायचं, वाकायचं. अंगावर वाळली की अंगाएवढी होते.”

“मग कोणाच्या अंगात घालू?”

दोघींनी कुंडलिकाकडं बघितलं. तो अंगणात दोरखंड वळत बसला होता. त्या जीन्समध्ये दोन कुंडलिक मावले असते, वर एखादी कोंबडी. आदेश भरल्या अंगाचा, कमरेला चांगला रुंद. नम्रताची नजर कुंडलिकावरून उठली ती हळूच गोजरच्या कमरेवर येऊन थांबली.

“नाव घेऊ नको,” गोजर म्हणाली.

“मी कुठं काय बोलली?”

ओली जीन्स अंगात चढवणं म्हणजे काय ते गोजरला तोवर ठाऊक नव्हतं. मांडीपर्यंत ती आली, मग रुसली. शेवटी गोजर चटईवर उताणी पडली, नम्रतानं दोन्ही बाजूंनी ओढली, पोटावर गुडघा ठेवून बटण लावलं, आणि दोघी धापा टाकत बसल्या. म्हणजे नम्रता बसली. गोजरला बसता येईना. वर तिनं कुंडलिकाचा जुना फुल शर्ट घातला. शर्टाचं काही नवं नव्हतं. लावणी-कापणीला इथल्या बाया साडीवर नवऱ्याचे शर्ट घालतातच. पण तेव्हा खाली साडी असते.

“कोणी बघायच्या आत मागं जा,” नम्रता म्हणाली. “खळ्यात फिर.”

सारवण आता सुकून कडक झालं होतं. गोजर खळ्याभोवती चालायला लागली. पहिले दोन फेरे ती खोडा घातल्यासारखी चालली. ओलं कापड मांडीला मांडी घासून आवाज करत होतं. मग वाकली, उठली, मांडी ताणली, पुन्हा चालली. कुंडलिक दोरखंड घेऊन मागं आला आणि जागच्या जागी थांबला.

“अगो, हे काय?”

“जावयाची पँट मोठी करते.”

“आणि कोणी बघितलं तर?”

“सांगा, शेखर आलाय.”

कुंडलिकानं थोडा वेळ विचार केला. मग तो वाटेच्या बाजूला पेंढ्याचे भारे रचायला लागला, आडोसा होईल असे.

उन्हानं जीन्स हळूहळू सैल होत होती, गोजर हळूहळू भरभर चालत होती. साडीत पाऊल किती पडायचं ते साडी ठरवते. इथं कोणी काही ठरवत नव्हतं. ढांग पडत होती ती पडत होती. पंचेचाळीस-पन्नास वर्षांत आपल्या दोन पायांमध्ये एवढी जागा आहे हे तिला समजलं नव्हतं, आणि आता समजून त्याचं काय करायचं हेही समजेना. हातांचा प्रश्न वेगळाच. सावरायला पदर नाही, खोचायला ओचा नाही. दोन्ही हात नुसते लोंबकळत होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. शेवटी तिनं ते खिशात घातले. मग मात्र ती खळ्यात मावेना. बांधावर गेली, बांधावरून कापलेल्या खाचरात, धसकटं तुडवत पार कुंपणापर्यंत आणि परत. थांबली की कापड आवळायचं, आणि तिला वाटायचं, थांबलं की आणखीही काहीतरी आवळतंय. म्हणून ती थांबत नव्हती.

मनस्वी शहापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती जीपमधून उतरून घरी आली, घरात कोणी नाही म्हणून मागं आली, आणि खांद्यावरची पर्स तशीच धरून उभी राहिली.

“आये?”

“थांबता येत नाय. चालत चालत बोल.”

मनस्वी हसायला लागली. हसता हसता पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली, पर्स पोटाशी धरून हसली. गोजर चालता चालता तिच्याकडं बघत होती. ही पोरगी शेवटची कधी हसली होती, हे आठवायला तिला अर्धा फेरा लागला, आणि तरी आठवलं नाही.

हसणं ओसरल्यावर मनस्वी उठून आईच्या बाजूनं चालायला लागली.

“आदेशची ना गो ही?”

“मग कोणाची?”

“त्यानं तर सांगितलेलं तुला, धुवू नको म्हणून. मी आतून ऐकलं.”

“मला वाटलं, भिडेनं बोलतो.”

“दोनदा सांगितलं त्यानं.”

“दुसऱ्यांदा पण माणसं भिडेनंच बोलतात.”

“मग कितव्यांदा खरं धरायचं?”

धसकटं पायाखाली मोडत होती.

“मी पण सांगितलेलं,” मनस्वी म्हणाली. आवाज चढला नव्हता. लॅबमध्ये सुई टोचायच्या आधी ती जशी बोलत असेल तसा होता. “पोह्यांच्या दिवशी चुलीपाशी सांगितलं. सुपारीच्या दिवशी मोरीत सांगितलं. नि काल.”

“काल कधी?”

“काल माप दिलं नाय.”

गोजरची चाल किंचित अडखळली. पोह्यांच्या दिवशी पोरीच्या हातात ट्रे होता, आणि ती म्हणाली होती, आये, मला नको. आपण काय म्हणालो? ‘सगळ्याच पोरी म्हणतात गो,’ असं म्हणून तिच्या केसातली पिन नीट केली आणि पाठीवर हात ठेवून तिला बाहेर ढकललं. हळूच, मायेनं ढकललं होतं.

“सगळ्याच पोरी म्हणतात,” गोजर आत्ताही म्हणाली, पण जीव नसल्यासारखं. “मी पण म्हटलेलं.”

“तुझं खरं होतं का भिडेचं?”

या प्रश्नाला तिला बांधाच्या टोकापर्यंत जाऊन परत यावं लागलं.

“आता काय ठाऊक,” ती म्हणाली. “तवा कोणी धरलं नाय. मग मी पण सोडून दिलं.”

कुंपणापाशी दोघी वळल्या.

“पोरगा वाईट हाय का?” गोजरनं विचारलं.

“नाय. चांगला हाय. म्हणून तर बोलायला जड जातं. वाईट असता तर तूच नको म्हटलं असतंस.”

“मग काय खुपतंय?”

“काय नाय खुपत. मला नको हाय, एवढंच. त्यानं तर जीन्सची सगळी कारणं सांगितली, घडी नि खूण नि रेघा. तरी तू हंडा ठेवलासच ना?”

तेवढ्यात मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. जीन्स काढायची तर नम्रता हवी, चटई हवी. आदेश ‘काका, काका’ करत घराला वळसा घालून मागं आला. हातात शेखरची ट्रॅक पँट होती, घडी करून, इस्त्री केलेली. ट्रॅक पँटीला इस्त्री. त्याच्या आईनं केली असणार.

त्यानं गोजरच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तो गुडघ्याकडं बघत होता.

“काकू, ही माझी?”

“तुझीच.” गोजरनं हंड्यापासून बांधापर्यंत सगळं सांगितलं. ब्रशाचा दात आरपार गेला तेही सांगितलं.

आदेशनं ऐकून घेतलं. मग तो हसला, पाव्हणे हसतात तसा. “असू दे काकू. काय होत नाय. कापडच तर हाय.”

कालपर्यंत गोजर हे ऐकून सुटली असती, चहाला वळली असती. आज तिचं पाऊल वळलं नाही.

“भीड नको, आदेश. खरं काय ते बोल.”

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “वाईट वाटलं काकू. खूप वाटलं. वर्षभर रोज मुरबाडला जाऊन-येऊन केलेली होती. उन्हात, पावसात. आमच्या ग्रुपमध्ये माझीच सगळ्यात भारी झाली होती.” “मी सांगितलेलं तुमाला.”

“सांगितलेलंस,” गोजर म्हणाली.

“मला पण सांगायचंय,” मनस्वी म्हणाली.

कुंडलिक पेंढ्याच्या आडोशामागून पुढं आला.

“रविवारचं नको,” मनस्वी म्हणाली. “लग्न नको. तुझं काय चुकलं नाय, आदेश. मला नको हाय.”

आदेश पुन्हा तसंच हसला आणि त्यानं गोजरकडं बघितलं. कुंडलिकानंही गोजरकडं बघितलं. दोघंही तिच्या तोंडून ते वाक्य येण्याची वाट बघत होते, आणि ते आलंही होतं, अगदी ओठापर्यंत: लाजते हो. दोन शब्द. ते बोलले की सगळे हसतील, रविवारी पेढे वाटले जातील, आणि ‘अच्छा’ म्हणणारी बाई अच्छा म्हणेल. गोजरचा हात सवयीनं पदराकडं गेला. पदर नव्हता. हात थोडा वेळ शर्टावर चाचपडला, मग खिशात गेला.

“ती लाजत नाय,” गोजर म्हणाली. “ती सांगतेय. आधी पण सांगितलं होतं, मीच धरलं नाय.”

“गोजर, सुपारी फुटलीय,” कुंडलिक हळू आवाजात म्हणाला. “माणसं काय बोलतील?”

“बोलतील. ती बोलायचं कधी ऱ्हायली?”

आदेश पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला, मघाशी मनस्वी बसली होती तिथंच. “मला जरा वाटलेलं,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “फोन उचलायची नाय. आई म्हणाली, चांगल्या घरच्या मुली असंच करतात.” मग त्यानं मान वर करून मनस्वीकडं बघितलं. “पक्कं?”

“पक्कं.”

“बरं,” तो म्हणाला. पुन्हा त्यानं विचारलं नाही. गोजरला तेवढ्यासाठी तो पोरगा फार आवडला, आणि आवडून काही उपयोग नव्हता.

गोजर घरात गेली, नम्रताला हाक मारली, ओढाओढ झाली, जीन्स निघाली. ती अजून दमट होती, गोजरच्या अंगानं गरम. तशीच आदेशला दिली. “घालून तरी बघ. कंबर येते का बघ.”

त्यानं आतल्या खोलीत जाऊन घातली आणि बाहेर आला. बटण लागलं होतं. पाय घोट्याच्या वर राहिले होते. पण सगळ्यांची नजर गेली ती भलतीकडंच. त्याच्या गुडघ्यांच्या खाली, नडगीवर, कापडाला दोन गोल फुगवटे आले होते, मऊ आणि ठसठशीत. गोजर उंचीनं त्याच्यापेक्षा पुष्कळच कमी.

आदेशनं खाली वाकून ते बोटानं दाबून बघितले. “काकू, गुडघे तुमचे आलेत.”

आधी मनस्वी हसली. मग आदेश. मघाचं पाव्हण्याचं हसू नव्हतं ते, नाकातून आलेलं, जरा ओलं. कुंडलिक हसला नाही. तो रविवारचं रद्द झाल्याचे कोणाकोणाला निरोप द्यावे लागतील ते बोटांवर धरत होता.

आदेशनं ट्रॅक पँट चौकटीपाशी ठेवली आणि अंगावरून उतरवलेली पँट काखेत मारून अंगणात गाडीपाशी गेला. गोजर मागोमाग आली. साडी नेसून आता पाऊल पुन्हा तिच्या मापानं पडत होतं आणि तिला ते टोचत होतं.

“चहा टाकू?”

“नको काकू.”

गोजर थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की कोणी चहा नको म्हटलं आणि ती चुलीकडं गेली नाही. दोन्ही हात पोटाशी घेऊन ती उभी राहिली. आत मनस्वी उभी होती, नम्रता कुंपणापलीकडं कान देऊन उभी होती. आदेशनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून तो बसून राहिला. नडगीवरचे गुडघे पुढं आले होते.

“अर्धा चालेल,” तो म्हणाला.